एरंडेल लावलेली कॉफी

गच्चीवर डाळी पसरल्या आहेत आणि माझा घरात पाय ठरत नाही. सकाळपासून तिसऱ्यांदा जिना चढून आले. वर माझं काही काम नाही. अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, जुन्या सुती साड्या अंथरून एका कडेला तूर, मधे मूग, पलीकडं हरभऱ्याची डाळ असं सगळं आखून ठेवलंय आणि ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून चिमण्या हाकते आहे. मी वर गेले की विचारते, "काय गं, काय पायजे?" मी काही नाही म्हणते आणि उतरते. लातूरच्या चैत्रात दहा वाजताच गच्चीची फरशी चटके द्यायला लागते, आणि मी तिन्ही वेळा चपला खालीच विसरले, यावरून माझं कसं चाललंय ते समजावं.

दरवर्षी या दिवसांत आमच्या घराला एरंडेलाचा वास येतो. वर्षभराच्या डाळींना दोन उन्हं द्यायची, सावलीत गार करायच्या, मग परातीत घेऊन एरंडेलाचे थेंब टाकायचे आणि दोन्ही तळव्यांनी चोळत राहायचं. दाणा न् दाणा तुकतुकीत झाला की कडुलिंबाचा वाळला पाला घालून कोठीत भरायचं. किडा फिरकत नाही. दुसऱ्यांच्या घरी एरंडेल म्हणजे लहानपणी नाक दाबून प्यायचं औषध असेल. आमच्याकडं तो शाळेच्या परीक्षा संपल्याचा वास होता आणि मला आवडायचा. दोन वर्षं झाली, आता तो नाकात शिरला की चपला घालून कुठंतरी निघून जावंसं वाटतं.

कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत मी फोनवर एका माणसाशी खोटं बोलले. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि आपल्या बायकोला दोष दिला. तिची काही चूक नव्हती, आणि हे तिला अजून माहीत नाही. चिकमगळूरकडच्या डोंगरात राहते ती. गौरम्मा तिचं नाव. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. एक फोन करायचा आहे, बस. एवढं मला दोन वर्षांत जमलेलं नाही.

मी कॉफी विकते. लातूरमध्ये. हे वाक्य मी कुठल्याही लग्नात बोलले की समोरचं माणूस जरा थांबतं आणि मग विषय बदलतं. शिरूर अनंतपाळची आत्या तेवढी बदलत नाही. ती सरळ विचारते, "पोरी, चहाचं काय वाईट झालतं?" माझं दुकान क्लासेसच्या गल्लीत आहे. एक शटर, एक भाजायचं यंत्र, एक दळायचं. भिंतीवरच्या फळ्यावर मी मोठ्या हौसेनं लिहिलेलं असतं की ही कॉफी कुठल्या डोंगरातली, किती उंचावरची, कशी वाळवलेली. डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी त्या फळ्याकडं पाठ करून उभी राहतात आणि म्हणतात, "ताई, झोप उडंल अशी द्या." एकदा एका मुलीला मी आंबवून धुतलेली कॉफी आणि फळासकट वाळवलेली कॉफी यांतला फरक समजावून सांगायला लागले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, बायोलॉजीची टेस्ट हाय." मी मुकाट्यानं कप दिला. सध्या परीक्षा तोंडावर आली आहे आणि गल्लीतली माणसं चालताना ओठ हलवत चालतात. या दिवसांत अख्ख्या गावालाच स्वस्थता नसते. त्यात माझी खपून जाते.

कॉफीकडं मी वळले ती अव्वाच्या भाषेमुळं, हे अव्वाला पटत नाही. तिचं माहेर उदगीरच्या पलीकडं, बिदरच्या बाजूला. आमच्या घरात रागवायचं मराठीत आणि लाड करायचे कानडीत, अशी वाटणी होती. शेतकी कॉलेज संपल्यावर चिकमगळूरच्या एका मोठ्या मळ्यावर नोकरीसाठी गेले तेव्हा तिथल्या मॅनेजरनं इंग्रजीत विचारलं आणि मी घाबरून बिदरी कानडीत उत्तर दिलं. तो इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. नोकरी मिळाली. चार वर्षं राहिले तिथं.

काम चवीचं होतं. शिकवणाऱ्यानं माझ्यापुढं कपांची रांग मांडली, चमचा हातात दिला आणि सांगितलं, सुर्रकन ओढायचं, तोंडभर फिरवायचं, थुंकायचं आणि काय वाटलं ते बोलायचं. लिंगायताच्या घरातली पोर चारचौघांत भुरके मारून थुंकते आहे हे अव्वानं बघितलं असतं तर तिथंच खाली बसली असती. मला मात्र अप्पा, माझे वडील, आठवले. अप्पा डाळमिलमध्ये होते. दारात आलेली तूर घ्यायची की परत पाठवायची हे ते दाताखाली दाणा फोडून सांगायचे. कट्ट वाजला की कोरडी, दबला की ओली. मी कॉलेजात असतानाच ते गेले. त्यांच्या तोंडाला कायम कच्च्या तुरीचा वास यायचा आणि भाजायच्या आधीची हिरवी कॉफी हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा तोच वास आला. मी परक्या मुलुखात नाही असं मला त्या दिवशी वाटलं.

तिथला हिवाळा आठवतो. डिसेंबरात सकाळी धुकं झाडांच्या कमरेपर्यंत असायचं, मोजे दुपारपर्यंत ओले राहायचे आणि मिऱ्याचे वेल चढलेल्या उंच झाडांखाली कॉफीची झाडं लाल व्हायला लागायची. लाल होतात तीही एका वेळी नाही. एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल आणि वाळून काळी पडलेली फळं शेजारी शेजारी असतात. पिकलेलं लाल फळ दाताखाली दाबलं की गुळाच्या पाण्यासारखा थोडासा गोड रस येतो, बोटं चिकट होतात आणि मुंग्या बाहीत शिरतात. मजूर मिळत नाहीत म्हणून लहान शेतकरी सगळी फांदी एकदम ओरबाडतात. हिरवं, लाल, काळं एका पोत्यात जातं, व्यापारी ते शंभर जणांच्या मालात मिसळतो आणि कोणाची कॉफी कोणती हे देवालाही कळत नाही.

रुद्रप्पांची दोन एकर बाग आमच्या मळ्याच्या कुंपणाला लागून होती. साठीचे, खिशात कंगवा, बोलणं कमी, आणि स्वतः कॉफी प्यायचे ती इतका गूळ घालून की कॉफी नावालाच. मी त्यांच्या मागं लागले की फक्त लाल तोडा, चार फेऱ्या करा, वेगळं वाळवा. ते मान हलवायचे आणि ओरबाडायचे. शेवटी मी त्यांना कापसाचं सांगितलं. मी म्हटलं, आमच्या मराठवाड्यात, बिलोलीकडं जा, बाया फुटलेलं बोंड तेवढं वेचतात, न फुटलेल्याला हात लावत नाहीत, आठ-पंधरा दिवसांनी परत येतात. पहिली वेचणी, दुसरी वेचणी, तिसरी. कोणी अख्खं झाड खरवडत नाही. रुद्रप्पांनी शेतातला कापूस कधी बघितला नव्हता. ते विचारात पडले. तेवढ्यात आतून गौरम्मा बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हे माझ्याशी बोला. झाडाला हात माझा लागतो, ह्यांचा नाही." बोलणं सगळं कानडीत, मी इथं मराठीत लिहिते आहे.

त्यानंतरचे दोन महिने मी आयुष्यात विसरायची नाही. चार फेऱ्या गौरम्मांनीच केल्या. अंगणात बांबूच्या चौकटीवर जाळी ताणून तिच्यावर ती लाल फळं एकेरी पसरली आणि त्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. तासातासाला हात फिरवायचा, ऊन चढलं की झाकायचं, उतरलं की उघडायचं, दव पडायच्या आत परत झाकायचं. मी कामावरून सुटले की तिथं जायची. फळांचा रंग विटकरी, मग जांभळट, मग काळा होत गेला आणि अंगणाला मनुकांसारखा वास यायला लागला. एक दिवस अवेळी ढग आले, चार थेंब पडले. गौरम्मा सरपण आणायला गेल्या होत्या. धावत आल्या आणि झाकलं, पण थोडा उशीर झाला. रुद्रप्पा कपाळाला आठ्या घालून उभे होते. मी एकेक फळ चाचपून बघितलं. काही बिघडलं नव्हतं. नंतर मूठभर बिया सोलून तव्यावर भाजल्या, पाट्यावर वाटल्या आणि चव घेतली. पिकल्या करवंदांची चव होती. पहिला घोट मी थुंकायचा विसरले. म्हणजे ती कॉफी चांगली आहे हे मला पक्कं माहीत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

मी नोकरी सोडून लातूरला स्वतःचं दुकान काढणार हे ठरलं होतं. हैदराबादचा एक खरेदीदार मला कामामुळं ओळखत होता. तो म्हणाला, तू भाज, मी येऊन चाखतो, आवडली तर पुढच्या हंगामापासून त्यांचा सगळा माल वेगळा घेईन आणि पाकिटावर त्यांचं नाव टाकीन. त्यासाठी रुद्रप्पांनी सोललेल्या बियांचं तीस किलोचं एकुलतं एक पोतं माझ्या हवाली केलं. निघताना गौरम्मांनी विचारलं, "पाकिटावर नाव कोणाचं येणार?" मी म्हटलं, दोघांचं. त्या हसल्या नाहीत. नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पोत्याचं तोंड स्वतः दाभणानं शिवलं.

ते पोतं रात्रभर एसटीत पायाशी घेऊन मी घरी आले. अव्वा माझ्याशी बोलत नव्हती. बोलत नव्हती म्हणजे जेव, झोप, दार लाव एवढंच. चांगली नोकरी सोडून आलीस, आणि तेही असला दाणा विकायला, जो आपल्याकडं पेरत नाहीत, दळत नाहीत, देवाला दाखवत नाहीत, हे तिला सहन होत नव्हतं. महिनाभर तिनं कॉफी हा शब्द उच्चारला नाही. मी पोतं मधल्या खोलीत अंधाऱ्या कोपऱ्यात पाटावर ठेवलं. त्यात काय आहे हे तिनं विचारलं नाही, आणि मीही ताठ्यात सांगितलं नाही. आज वाटतं, त्या दिवशी दोन वाक्यं बोलले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं.

भाजायचं यंत्र नांदेडला होत होतं. लोह्याच्या रस्त्याला सलीमभाई मिस्त्री म्हणून आहेत, ते फुटाण्याच्या भट्ट्या बनवतात. परदेशी यंत्र मला झेपणारं नव्हतं, म्हणून मी त्यांना कागदावर चित्र काढून दिलं होतं. ते बघून ते म्हणाले, "ताई, हे तं आपला फुटाण्याचाच ड्रम हाय. फकत वाळू नका टाकू." चार दिवस मी त्यांच्या शेडमध्ये बसून होते. वेल्डिंगच्या ठिणग्या, पत्र्याखालचा उकाडा, आणि मी हातातल्या किलोभर साध्या कॉफीची एकेक मूठ त्या ड्रममध्ये टाकून कान लावते आहे. कॉफी भाजत आली की तडतडते, तो आवाज ऐकायचा असतो. सलीमभाईंनीही कान लावला. "फुटाणा कसा, डरकाळी मारतो," ते म्हणाले. "तुमचं हे लई शरमून बोलून राहिलं." फुटाण्यांनी आयुष्य गेलेल्या त्या माणसाला तिसऱ्या मुठीला आवाज बरोबर कळायला लागला. मी खूश होते. आता मागं बघते तर तेव्हाचा तो आनंद मला बघवत नाही, कारण त्याच चार दिवसांत इकडं लातूरला, या गच्चीवर, अव्वा डाळी वाळवत होती.

घरी परतले तर अव्वा दारात उभी होती. महिन्यानं पहिल्यांदा तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "चल, तुला एक दावते," म्हणाली. मधल्या खोलीत पाट रिकामा होता. तिनं कोठीचं झाकण उघडलं. आत गौरम्मांची कॉफी होती. प्रत्येक बी तुकतुकीत, हिरवीगार, वरून कडुलिंबाचा पाला. "पोतं तसंच कोपऱ्यात पडलतं," अव्वा सांगत होती. "दोन उन्हं दिली, मग एरंडेल लावलं. लई जिन्नस हाय गं, दोन दिस चोळूलालते. आता दोन वरीस किडा बगायचा न्हाई."

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. कॉफीची बी शेजारचा वास ओढून घेते. कांद्याजवळ ठेवली तर कांदा, रॉकेलजवळ ठेवली तर रॉकेल. तिला ऊन दाखवायचं नाही, तेलाचा हात लावायचा नाही. अव्वानं तिला उन्हात तापवून मऊ केलं होतं आणि मग तळव्यांनी रगडून रगडून तीसच्या तीस किलोला एरंडेल पाजलं होतं.

मी कोठीत वाकून बघत राहिले. अव्वाच्या बोटांची पेरं सुजलेली होती. दोन दिवस तिनं ते केलं होतं, न सांगता, माझ्यासाठी. जो दाणा घरात नको होता, त्याला तिनं तुरीच्या पंगतीला बसवलं होतं. तिच्या परीनं तिनं माझ्या धंद्याला होकार दिला होता, आणि तो होकार कोठीत चकाकत होता. मी सरळ झाले आणि म्हटलं, "चांगलं केलंस." ती म्हणाली, "हात धू, जेवायला वाढते," आणि त्या दिवशी आम्ही दोघी एका ताटाशी बसून खूप वेळ बोललो.

पुढचे दहा दिवस मी वेड्यासारखी होते. अव्वा देवळात गेली की बिया काढायची, सुती फडक्यानं पुसायची, तांदळाच्या पिठात घोळवायची, चाळायची, पुन्हा पुसायची. वास जात नव्हता. दुकानात ड्रम बसवला आणि पहिली मूठ भाजली, तेव्हा असा धूर उठला की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून विचारलं, कुणाचं पोट बिघडलंय का. हैदराबादचा खरेदीदार ठरल्या दिवशी आला. मी थांबवायला हवं होतं, पण मला कुठंतरी वेडी आशा होती. त्यानं चमचा ओढला, थुंकला, पाणी प्यायला. दुसऱ्या कपाला हात लावला नाही. सज्जन माणूस. "पुढं कधीतरी बघू," म्हणाला. खरं सांगितलं तर तो पुन्हा आपल्या मालाला हात लावणार नाही, तेल लागलेला माल विकणारी बाई म्हणून गावभर नाव होईल, असली भीती मनात होती. मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुद्रप्पांचा फोन आला. त्यांनी वाट पाहिली असणार, उगाच घाई दिसू नये म्हणून एक दिवस थांबले असणार. मी म्हटलं, या वेळी चव जमली नाही. मग त्यांनी विचारलं, "आमचं काय चुकलं?" तिथं मला एक वाक्य बोलायचं होतं. अव्वा ओसरीत मूग निवडत बसली होती, तिला ऐकू गेलं असतं. मी म्हटलं, "काय माहीत. वाळवताना काही झालं असेल." रुद्रप्पा लगेच म्हणाले, "हो, त्या ढगांच्या दिवशी. मी गौरम्माला सांगितलं होतं सरपणाला जाऊ नको. तुम्हाला आमच्यामुळं खाली बघावं लागलं, माफ करा." त्यांनी माझी माफी मागितली. मी ती घेतली. "असू द्या," असं मी म्हणाले.

दिवाळीत त्यांचा पुन्हा फोन आला, नुसता खुशालीचा. बोलता बोलता म्हणाले की यंदा सगळी एकदम काढणार, वेगळी वाळवायची नाही. "गौरम्माला आता अंगणात बसवत नाही मी. तिच्याकडून होत नाही ते." मी विषय बदलला. त्यानंतर त्यांचा नंबर स्क्रीनवर आला की मी फोन पालथा घालायला लागले, आणि मग तो यायचाच बंद झाला.

मी चार कप एका रांगेत चाखून सांगू शकते की कुठला दाणा अर्धा दिवस जास्त वाळला. स्वतःच्या बाबतीत मात्र माझी जीभ आंधळी आहे. पुष्कळ दिवस मी मनाला सांगत होते की मी अव्वाला वाचवलं. अव्वाला कशापासून वाचवलं? ती रागावली असती, रडली असती, आणि तिसऱ्या दिवशी चहा ठेवला असता. एका बाईचं मन राखायला मी दुसऱ्या बाईचं काम तिच्या हातातून काढून घेतलं, आणि त्या दुसऱ्या बाईनं माझं काही वाईट केलं नव्हतं. खरं तर मी माझी स्वतःची कातडी वाचवली. याची मला लाज वाटते. ती सांगितल्यानं कमी होईल असंही वाटत नाही.

आज मी चौथ्यांदा गच्चीवर गेले तेव्हा डाळी गोळा करून झाल्या होत्या. जिन्याच्या डोक्याशी पत्र्याच्या सावलीत अव्वा परात घेऊन बसली होती. "आलीस ना, मग बस. बोटं दुखूलालीत माझी," ती म्हणाली. मी समोर बसले. तिनं थेंब टाकले, मी चोळायला लागले. तुरीची डाळ तळव्याला गरम लागत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तुझ्या त्या बिया का आणत न्हाईस गं आता घरी? दुकानात उंदरं, घुशी. आण की. डाळीसंगंच करून टाकू."

माझे हात थांबले. मग मी सांगितलं. पहिल्यापासून. बी वास कसा ओढते इथून ते रुद्रप्पांनी माफी मागितली इथपर्यंत. मान वर केली नाही.

"मग तवाच का न्हाई सांगितलीस?" शेवटी तिनं विचारलं.

"तू रुसली असतीस."

"रुसले असते की. चार दिस रुसले असते." तिनं परातीतली डाळ उगाच एका बाजूला सारली. "समदी खराब झालती? तीसच्या तीस किलो?"

"हो."

"आन् मला रोज जेवताना चांगलं केलीस, चांगलं केलीस."

ती स्वतःच्या तळव्यांकडं बघत होती. मला वाटलं आता रडेल. पण तिनं विचारलं, "त्या बाईला मालूम हाय का?"

"नाही."

"दोन वरीस तिचा नवरा तिला बोलूलालाय, आन् तू हितं कापी विकूलालीस." तिचा आवाज चढला नव्हता. "लाव फोन."

मी म्हटलं, संध्याकाळी लावू, आता ते बागेत असतील. तिनं नुसतं बघितलं. मी पदराला हात पुसून फोन काढला, नंबर लावला आणि स्पीकरवर धरला, कारण तिला ऐकायचं होतं आणि तिचे हात तेलाचे होते. रुद्रप्पांनी उचलला. माझा आवाज ऐकून त्यांना बरं वाटलं, हे कळत होतं, आणि तेच मला सहन होईना. अव्वानं मला पुढं बोलू दिलं नाही. तिच्या माहेरच्या कानडीत म्हणाली, मी हिची आई, तुमच्या घरच्यांना जरा द्या.

गौरम्मा आल्या. अव्वानं त्यांना "तंगी" म्हणून हाक मारली, धाकट्या बहिणीला मारतात तशी, आणि आडवळण न घेता सांगितलं. तुझी कॉफी मी उन्हात घातली. तुझ्या कॉफीला मी एरंडेल लावलं. मला कळत नव्हतं. माल तुझा चांगला होता, वाया माझ्या हातानं गेला.

पलीकडून कोंबड्यांची कुरकुर आणि लांब कुठंतरी कुऱ्हाडीचे घाव. मग गौरम्मा म्हणाल्या, "थांबा जरा. ह्यांना बोलावते. फोन मोठ्या आवाजावर करते." भांडं सरकल्याचा आवाज, खुर्ची ओढल्याचा आवाज. "हं. आता जे सांगितलंत ते परत सांगा. मोठ्यानं सांगा."

अव्वा माझ्याकडं बघून मराठीत म्हणाली, "माझं सांगून झालं. खोटं मी न्हाई बोलले."

मी फोन तोंडाजवळ धरला. मी म्हटलं, "रुद्रप्पा, ढगांच्या दिवशी काही बिघडलं नव्हतं. मी स्वतः चाखून बघितली होती. गौरम्मांचं वाळवण चोख होतं. कॉफी आमच्या घरात खराब झाली, ते मला माहीत होतं, आणि माहीत असून मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मी थांबले. गौरम्मांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"ऐकलंत?" त्या म्हणाल्या.